दोन्ही हात बटणावर

भाईंदरजवळच्या मोरव्यात, घरमालकीण विमलाबाईंच्या पडवीत दर रविवारी सकाळी बोटं तुटायची. खरी नव्हे, तोंडली. कुंपणावरच्या वेलीला पिकून आतून लालभडक झालेली तोंडली उत्तम मुद्दाम वेचून आणायचा. हिरवं तोंडलं तुटलं की माणसं हसतात, लाल तुटलं की गप्प बसतात, हे त्याला पहिल्याच वर्गात कळलं होतं.

सागाच्या तुकड्यांची हातभर उंच पावर प्रेस त्याने स्वतः बनवली होती. वर लोखंडी ठोकळा, खाली पत्र्याची डाय, म्हणजे साचा, पुढे दोन बटणं. बटणांच्या वायरी जायच्या एका उघड्या बोर्डाकडे. त्या बोर्डावर सोळा कळा आणि सहा लाल आकडे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना उचलून आणलेला हा मायक्रोप्रोसेसर किट म्हणजेच उत्तमचा कॉम्प्युटर. पडदा नाही, काही नाही. कळा दाबून आकड्यांत हुकूम लिहायचे, प्रेस त्याबरहुकूम चालायची, आणि हुकूम चुकला की तोंडल्याचा चेंदामेंदा व्हायचा.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा भाईंदर स्टेशनसमोरच्या एसी लावलेल्या क्लासात पोरांना चपला बाहेर काढायला लावून पडद्यावर स्वतःचं नाव लिहायला शिकवत. नाव लिहिलं की आईबाप खूश. उत्तमच्या सात विद्यार्थ्यांना स्वतःचं नाव कुठे लिहायचं नव्हतं. ते सगळे पूर्वेकडच्या एकाच स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला होते, आणि त्यांना आपली बोटं शाबूत ठेवायची होती.

उत्तमला हे शिकवायचा अधिकार कुणी दिला, असं कुणी विचारलंच तर तो उजवा हात वर करायचा. त्या हाताला फक्त अंगठा होता. बाकीची चार बोटं सहा वर्षांपूर्वी त्याच गाळ्यातल्या तीन नंबरच्या प्रेसने घेतली होती.

घेतली कशी, तेही सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सरकारी साहेब येऊन गेले तेव्हा प्रत्येक प्रेसला दोन बटणं बसली. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडणार. म्हणजे ठोका पडताना कामगाराचे दोन्ही हात बटणांवर, डायच्या बाहेर. युक्ती चांगली होती. पण दोन्ही हात बटणावर ठेवले तर पत्र्याची चकती आत सारणार कोण? साहेबांची गाडी वळली तशी गाळ्यात सायकलची फाटकी ट्यूब आली. ट्यूबची पट्टी कापायची, डावं बटण दाबून त्यावर आवळून बांधायची, की ते कायमचं दाबलेलं. मग उजव्या हाताने बटण दाबा, डाव्याने चकती सारा. काम दीडपट. रोज सकाळी देवाला उदबत्ती ओवाळून झाली की बाराही प्रेसना पट्ट्या बांधायच्या, हा त्या गाळ्याचा रिवाजच झाला. हात थकला की कामगार बाजू बदलायचे, पट्टी दुसऱ्या बटणावर जायची. उत्तमचा उजवा हात आत होता त्या दिवशी पट्टी ईश्वरने बांधली होती. तेव्हा तो हेल्पर होता, आता फोरमन.

त्याच ईश्वरने रक्तबंबाळ उत्तमला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे धाव घेतली होती. आणि त्याच ईश्वरने तिसऱ्या दिवशी 'दोन्ही बटणं मोकळी होती, कामगाराची चूक' अशा कागदावर साक्षीदार म्हणून सही केली होती. उत्तम सगळ्यांना सांगायचा की माझ्या मनात काही नाही, बिचाऱ्याला घरदार आहे. इतक्या वेळा सांगितलं की त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. नोकरी गेल्यावर तो रात्रशाळेसारख्या एका कोर्सात इलेक्ट्रॉनिक्स शिकला, अंगठा आणि डावा हात यांच्यावर टीव्ही दुरुस्त करू लागला, आणि रविवारी हा वर्ग. त्याचं एकच म्हणणं होतं : त्या गाळ्यात आता एकही बोट तुटता कामा नये.

"हा कॉम्प्युटर म्हणजे कालच गावाहून आलेला हेल्पर समजा," तो वर्गात सांगायचा. "सांगाल तेवढंच करेल. जे सांगायला विसराल, ते त्याच्या बापालाही सुचणार नाही."

पहिला प्रोग्राम सगळ्यांनी मिळून लिहिला. डावं बटण दाबलंय का? नसेल तर परत पहिल्यापासून. उजवं दाबलंय का? नसेल तर परत पहिल्यापासून. दोन्ही असतील तर ठोका मार. तोंडलं ठेवलं, एकच बटण दाबलं, ठोका पडला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमने खिशातून ट्यूबची पट्टी काढली, डाव्या बटणावर बांधली आणि उजवं दाबलं. कच्चकन ठोका पडला. लाल रस लाकडावरून ओघळला.

"मग काय घंटा फरक पडला, सर?" मागून कुणीतरी म्हणालं.

आशा पुढे बसली होती. लांज्याची, बावीस-तेवीस वर्षांची, सात नंबरच्या प्रेसवर काम करणारी. ती त्या चेंदलेल्या तोंडल्याकडे बघत म्हणाली, "सर, आपण चुकीचं विचारतोय. बटण दाबलंय का, हे विचारून काय उपयोग? ते मधे सुटलं होतं का, ते विचारायला पाहिजे. पट्टी बांधलेलं बटण कधी सुटतच नाही ना."

उत्तमला त्या क्षणी एवढा आनंद झाला की त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि विमलाबाईंना चहा टाकायला सांगितला. इंजिनिअरांनाही सुचायला वेळ लागतो ते सातवी नापास मुलीने पडवीत बसून सांगितलं होतं. आशाने तो प्रोग्राम स्वतः लिहिला. प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणं सुटली पाहिजेत. आणि पुढच्या रविवारी येऊन तिने आणखी एक कलम वाढवलं : दोन्ही बटणं जवळजवळ एकाच वेळी दाबली गेली पाहिजेत, अर्ध्या सेकंदाच्या आत. नाहीतर बायका एक बटण गुडघ्याने दाबतील, ती म्हणाली, मी आमच्या बायकांना ओळखते.

प्रोग्राम चिपमध्ये भरून घेतला. उत्तमने एका स्टीलच्या डब्यात बोर्ड बसवला आणि आशाकडून खऱ्या प्रेसची जोडणी वीस वेळा घोकून घेतली. पण तो डबा वर्गातच पडून राहिला. गाळ्यात न्यायची कुणाची छाती होत नव्हती.

मग महिपतची बोटं गेली. पन्नाशीचा माणूस, आशाच्या शेजारी सहा नंबरवर. शुक्रवारी दुपारी त्याची दोन बोटं डायमध्ये राहिली आणि चकतीबरोबर वाटीच्या तळाला चिकटून बाहेर आली. ईश्वरने प्रेस पुसून घेतली आणि तासाभरात तिथे दुसरा माणूस उभा केला. आशाच्या ओढणीवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. त्याच ओढणीने ती रविवारी वर्गात आली.

"डबा द्या सर," ती म्हणाली. "उद्या जेवणाच्या सुट्टीत लावते. माझ्या प्रेसला."

"आशा, मारतील तुला."

"मरणारच आहे तिथे कधीतरी. डबा द्या."

त्याने डबा दिला. पुढे कित्येकदा त्याने स्वतःला विचारलं की का दिला. उत्तर सोपं होतं. त्याला तो डबा खऱ्या प्रेसवर चालताना हवा होता.

मंगळवारी सकाळी उत्तम एका टीव्हीच्या मागचं झाकण उघडून बसला होता, तेव्हा टेम्पो पडवीसमोर थांबला. ईश्वर उतरला आणि त्याच्यामागे दोन दांडगे. ईश्वरने 'काय रे' म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत. पायातल्या बुटासकट त्याने टीव्हीवर लाथ घातली. काच फुटून उत्तमच्या मांडीत घुसली.

"उत्त्या, तुझ्या मायला, माझ्या मशीनला कसलं भूत लावलंयस? पट्टी बांधली की ठोका पडतच नाय! डबा सोडवला तर मशीनच बंद पडली. वायरमन गावाला गेलाय, सेठचा माल संध्याकाळी जायचाय. चल, काढ ते."

"नाही काढणार," उत्तम म्हणाला.

एका दांडग्याने त्याच्या नाकावर ठोसा दिला. नाक मोडल्याचा आवाज उत्तमला कानाच्या आतून ऐकू आला. दुसऱ्याने लाकडी प्रेस उचलून जोत्यावर आपटली, मग किट आपटला, मग त्या सोळा कळांवर टाच फिरवली. विमलाबाई आतून वरवंटा घेऊन धावल्या.

"मास्तरला हात नका लावू, मुडद्यांनो! ह्ये माझं घर हाय!"

वरवंटा एकाच्या खांद्यावर बसला. त्याने म्हातारीला असं ढकललं की ती दाराच्या उंबऱ्यावर डोकं आपटून तिथेच कण्हत पडली. उत्तम तिच्याकडे धावला तर त्याला केसांना धरून मागे ओढलं, पोटात गुडघा घातला आणि टेम्पोत फेकलं. मोरव्यातली माणसं दारात उभी राहून बघत होती. एकही उतरला नाही. त्यांचा राग करावा तरी कसा, त्यांच्याही घरची कुणी ना कुणी त्या गाळ्यांतच होती.

गाळ्यात बाकीच्या अकरा प्रेस थांबवलेल्या होत्या. फक्त सात नंबरचं चाक घरघरत होतं. डबा आशाकडून पुन्हा वायरींना जोडून घेतला होता, कारण त्याच्याशिवाय ती प्रेस चालत नव्हती. आशा बाजूला भिंतीला टेकून उभी. तिचा ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद झालेला. म्हणजे तिची चौकशी आधीच झाली होती.

"शेवटचं विचारतो," ईश्वर म्हणाला. "काढतोस का?"

"ईश्वर, पट्ट्या सोड रे सगळ्यांच्या. महिपतला बघितलंस ना?"

"महिपतला बघितलं, तुला बघितलं, उद्या अजून कुणाला बघेन! मला काय मजा येते? मी नाय बांधल्या तर सेठ दुसरा फोरमन आणेल, तो बांधेल!" ईश्वरच्या तोंडाला फेस आला होता. "धरा याला. डावा हात घाला आत."

दांडग्यांनी त्याला प्रेसवर रेटलं. एकाने मान दाबली, दुसऱ्याने कोपर धरून डावा हात डायवर ठेवला.  याच पाच बोटांवर उत्तम जेवत होता, वायरींना डाग देत होता, आकडे लिहीत होता. वर तीस टनांचा ठोकळा लटकत होता, आणि तो ठोकळा आणि हात यांच्यामध्ये होता एका सातवी नापास मुलीने लिहिलेला प्रोग्राम. वीस वेळा घोकून घेतलेली जोडणी तिने सुजल्या डोळ्याने परत बरोबर केली असेल का, हे त्याला ठाऊक नव्हतं. एक वायर इकडची तिकडे झाली असली तरी संपलं. त्याला लघवी झाली, आणि त्याची लाजही वाटली नाही.

ईश्वरने डाव्या बटणावर पट्टी आवळली. "काढतोस?"

उत्तमने डोळे मिटून मान हलवली. नाही.

ईश्वरने उजवं बटण दाबलं. चाक घरघरत राहिलं. ठोकळा जागचा हलला नाही.

त्याने पुन्हा दाबलं. मग मूठ वळून दाबलं. मग पट्टी ओरबाडून काढली आणि आधी उजवं, मग डावं, असं दाबलं. बारा वर्षांत त्या माणसाने दोन बटणं एकदम दाबली नव्हती. सवयच मोडली होती. प्रोग्राम अर्धा सेकंद वाट बघायचा आणि परत पहिल्या ओळीवर जायचा. उत्तमने डोळे उघडले. त्या भीतीतही त्याला हसू फुटत होतं. चालतोय. माझ्या पोरीचा प्रोग्राम चालतोय.

"हिच्या हातात चालत होती काल," ईश्वर ओरडला. "दुपारनंतर अर्धा दिवस चालवलीय हिने. ये इकडे. तू दाब."

आशाला ढकलत आणलं. तिने दोन्ही तळवे बटणांवर ठेवले. उत्तमने तिच्याकडे पाहिलं. दोन्ही हात एकदम दाबले की ठोका पडणार होता. पट्टी नाही, फसवणूक नाही, सगळं नियमाप्रमाणे. आत कुणाचा हात आहे का, हेही डब्याने विचारावं, असं त्या दोघांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

आशाने डावं दाबलं. उजवं दाबलं. ठोका पडला नाही.

ईश्वरने तिच्या कानाखाली वाजवली. तिने परत दाबलं. उत्तम आता तिच्या हातांकडे नीट बघत होता. उजवा तळवा हळूच मागे राहत होता, लक्षात येणार नाही इतकाच. ती मुद्दाम चुकत होती. ईश्वरने डायसाठी ठेवलेला लोखंडी गज उचलून तिच्या पाठीत घातला. ती गुडघ्यावर गेली, उठली, परत तळवे ठेवले, परत चुकली. गज पुन्हा बसला. बायका रडायला लागल्या, महिपतच्या जागी आलेला माणूस तोंड फिरवून उभा राहिला. तिने परत दाबलं. तोंडातलं रक्त बटणांवर ठिबकत होतं आणि तिचा उजवा हात दर वेळी तेवढाच मागे राहत होता.

"भाऊ, माझं काय चुकतंय?" ती कशीबशी म्हणाली. "डाय अडकली असेल. सरांचा हात काढा, त्यांच्या हातानेच अडकली असेल."

ईश्वर थांबला. फोरमनला डाय अडकली म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. त्याने दांडग्यांना खूण केली. त्यांनी उत्तमला मागे ओढलं. त्याचा डावा हात बाहेर आला, पाचही बोटांसकट. त्याला रडू आलं.

ईश्वरने चाक बंद केलं नाही. बंद करून परत वेग यायला वेळ जातो, म्हणून त्या गाळ्यात चाक कुणीच बंद करत नसे. त्याने गज खाली टाकला, वाकला आणि हेल्परपणापासून करत आला होता तसा उजवा हात सरळ डायमध्ये घालून चाचपू लागला.

आशाचे तळवे अजून बटणांवरच होते.

उत्तमला ते दिसलं. ईश्वरची पाठ दिसली, आत गेलेलं मनगट दिसलं, आणि आशाचा मागे राहणारा उजवा हात हळूहळू डाव्याच्या बरोबरीला येताना दिसला. तिने मान वळवून एका उघड्या डोळ्याने उत्तमकडे पाहिलं. ती विचारत होती. तिने चांगला तीन-चार श्वासांचा वेळ दिला. एवढ्या वेळात माणूस दहादा ओरडू शकतो. उत्तमचं तोंड उघडंच होतं, मोडक्या नाकामुळे तो तोंडानेच श्वास घेत होता. ओरडायला काहीच लागत नव्हतं. सहा वर्षं जपलेलं 'माझ्या मनात काही नाही' कुठे गेलं ते त्याला सापडलं नाही. त्याच्या मनात सगळं होतं.

आशाने दोन्ही बटणं एकदम दाबली.

ठोका पडला. ईश्वरची किंकाळी आली ती माणसाची वाटत नव्हती. ठोकळा वर गेला आणि ईश्वर मागे कोसळला. उजव्या तळहाताच्या पुढे काहीच उरलं नव्हतं. रक्त उत्तमच्या चेहऱ्यावर आणि शर्टावर उडालं. दांडगे आधी एकमेकांकडे आणि मग दरवाजाकडे बघत पळाले. कुणीतरी चाक बंद केलं.

उत्तम धावला. शर्ट फाडून त्याने ईश्वरचं मनगट आवळलं, डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारली. ईश्वर "उत्तम, उत्तम" करत होता. उत्त्या नव्हे, उत्तम. त्याला उचलून टेम्पोत घातलं आणि टेम्पो गेला.

आशा सात नंबरच्या पुढेच खाली बसली होती. तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. उत्तम तिच्यासमोर जाऊन बसला. तिने मान वर केली.

"सर, मी तुमच्याकडे बघितलं होतं."

"हो."

"तुम्ही नको म्हणाला असता तर मी हात काढले असते. आईशप्पथ काढले असते. तुम्ही ओरडला का नाही?"

गाळ्यातली सगळी माणसं ऐकत होती. तोंड सुजलंय, आवाज फुटला नाही, घाबरलो होतो, असं काहीही सांगता आलं असतं आणि सगळ्यांनी मानलं असतं. पण समोर ती बसली होती.

"मला तो ठोका पडताना बघायचा होता," उत्तम म्हणाला.